शिकाऊ उमेदवार आणि सरकारचा वाटा

कामगार संघटनेचा माणूस मालकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर बोलायला उभा राहिला, की तो तिला नावेच ठेवणार, असे आपण धरून चालता. मी तसे करणार नाही. लेथवर माझा हात बसला तो उस्तादाच्या हाताखाली, शाळेत नव्हे; तेव्हा कारखान्यात शिकण्याची किंमत मी जाणतो. प्रश्न एवढाच, की सरकार पैसे मोजते ते शिकवण्याचे की राबवून घेण्याचे?

विषय तसा जुना. शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला 1961 साली. 2019 मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या संख्येच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घ्यावे लागतात. परंतु नुसत्या सक्तीने कोणी मनापासून शिकवत नाही. म्हणून ऑगस्ट 2016 मध्ये केंद्र सरकारने प्रोत्साहन योजना काढली. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1500 रुपयांपर्यंत, सरकार सोसते. म्हणजे 6000 रुपये विद्यावेतन असलेल्या मुलामागे 4500 मालकाचे आणि 1500 तुमच्याआमच्या करातले. आरंभी ही रक्कम मालकाला मागाहून परत मिळे. लहान कारखानदाराला तेवढी कारकुनी कोठली परवडायला! पुढे सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. हा बदल मला मनापासून पसंत आहे.

आता ग्यानबाची मेख. कायद्याचे 18 वे कलम म्हणते, की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. सबब कामगार कायदे त्याला लागू नाहीत. किमान वेतन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, बोनस नाही. आरोग्य आणि सुरक्षिततेचे नियम मात्र त्यालाही लागू आहेत, आणि कामावर अपघात झाला तर मालकाला नुकसानभरपाई चुकत नाही. हे पुष्कळ आईबापांना ठाऊकच नसते.

शिकवणे खरे असेल, तर त्या कलमात अन्याय नाही. पण आमच्याकडे एकदा एक मुलगा आला. फिटरचा उमेदवार. उमेदवाराने रोजच्या कामाची नोंद ठेवायची असते. त्याची वही मी चाळली. महिनोन् महिने एकच ओळ: ड्रिल मशीन, तेच भोक, तोच माल. फाइल कशी धरावी हे त्याला कोणी दाखवले नव्हते. शेजारच्या मशीनवरचा कायम माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरलीच नाही. ती या पोराने भरून काढली होती, चौथ्या हिश्श्याच्या सरकारी मदतीसह. आम्ही ती वही व्यवस्थापकांपुढे ठेवली. ते म्हणाले, “मुलगा रोज काही तरी शिकतोच आहे की!” पुढे बोलाचाली पुष्कळ झाली, आणि तो टूलरूममध्ये गेला. फक्त अखेरचे चार महिने.

उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन, करारात तशी अट नसेल तर, मालकावर नाही. 2014 च्या दुरुस्तीने मात्र प्रत्येक मालकाने आपल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याचे धोरण स्वतः ठरवायचे आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी मुलाने ते धोरण मागावे, लेखी मागावे; आणि नोंदवही पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने लिहावी.