ताई ची

मुलांनो, संथपणे हात फिरवून कोणाला लढता येईल का? चीनमधील ताई ची ही अशीच युद्धकला आहे. १७ व्या शतकात हेनान प्रांतातील चेन गावात चेन वांगतिंग या योद्ध्याने तिचा पाया घातला, असे मानतात. समोरच्याचा जोर अडवायचा नाही. त्याला वाट देऊन त्याचाच तोल घालवायचा, हे तिचे तत्त्व.

अनेक पिढ्या ही कला चेन घराण्यातच राहिली. १९ व्या शतकात यांग लुचान हा बाहेरचा माणूस ती शिकला. पुढे त्याने ती बीजिंगमध्ये शिकवली. १९५६ साली २४ हालचालींचा सोपा प्रकार तयार झाला. आज वृद्ध माणसेही बागेत ताई ची करतात. विद्या दिल्याने वाढते, ती अशी!