कल्पनेच्या राज्यातील कृष्णवर्णीय नायक

अद्भुतकथेचा लेखक आपले जग स्वतःच निर्माण करतो. डोंगर, नद्या, राजघराणी, मंत्रविद्या, इतकेच नव्हे तर ऋतूंचा क्रमही त्याच्याच इच्छेने ठरतो. ऐतिहासिक कादंबरीकाराला असलेले पुराव्यांचे बंधन त्याला नसते. असे असूनही इंग्रजी अद्भुतकथांत दीर्घकाळ नायक बहुधा गोरा राहिला आणि काळा माणूस आलाच तर रानटी, सेवक किंवा शत्रू म्हणून आला. येथे इतिहासाची सबब पुढे करता येत नाही. ही निवड कल्पनेनेच केलेली असते.

अर्थात ही निवड एकट्या लेखकाची नसते. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची ‘नोव्हा’ ही विज्ञानकादंबरी 1968 मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी ती क्रमशः छापण्यास ‘अ‍ॅनालॉग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांनी नकार दिला होता. काळ्या नायकाशी आपला वाचक समरस होऊ शकणार नाही, असे कारण त्यांनी दिल्याचे डिलेनी यांनी नमूद केले आहे. कथा बत्तिसाव्या शतकातील होती, संपादकाचा हिशेब मात्र विसाव्या शतकाचाच होता.

त्याच वर्षी अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी आली. तिचा नायक गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा जिवलग मित्र त्याहूनही काळा आहे. तथापि अनेक मुखपृष्ठांवर गेड गोराच दिसला. 2004 च्या दूरचित्रवाणी मालिकेतही ती भूमिका गोऱ्या नटाला देण्यात आली, तेव्हा लेखिकेने जाहीर निषेध केला.

कृष्णवर्णीय लेखक स्वतःच अशी जगे रचू लागले, तेव्हा केवळ नायकाचा वर्ण बदलला नाही. डिलेनी यांच्या 1979 पासूनच्या ‘नेव्हेरियन’ कथांत राज्यकर्ते सावळे आहेत आणि रानटी ठरवलेले लोक पिंगट केसांचे. वर्ण आणि संस्कृती यांचे नाते निसर्गदत्त नाही, हे वाचकाला त्यातून उमगते. एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’मध्ये भूकंप आवरण्याची शक्ती असलेल्यांनाच समाज दास्यात ठेवतो, ज्यांच्या श्रमावर जगायचे त्यांनाच हीन लेखायचे, ही रीत तेथे उघडी पडते. या कादंबरीला 2016 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. कादंबरी विभागात तो मिळवणाऱ्या जेमिसिन या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका होत. पुढील दोन वर्षेही तो त्यांनाच मिळाला.

पराक्रम, ज्ञान आणि सत्ता कोणाला शोभते, याची पहिली चित्रे बालमनावर अशाच कथांतून उमटतात. त्या चित्रांत आपल्यासारखा चेहरा कधीच न दिसणे हे काळ्या मुलाचे नुकसान आहेच. परंतु असा चेहरा केवळ शत्रूचाच पाहत वाढणाऱ्या गोऱ्या मुलाचेही ते नुकसान आहे.