पाणी वेगळं, पक्षी वेगळा

इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावातून हिवाळ्याच्या सकाळी मच्छीमारांच्या होड्या पक्षी पाहणाऱ्यांना घेऊन निघतात. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि यशवंतसागराच्या फुगवट्याने भिगवणच्या आसपास उथळ, गाळाचं पाणी दूरवर पसरलं. रोहित पक्ष्यांना नेमकं तेच लागतं. होडीतून परतलेल्या हौशी फोटोग्राफरांची तक्रार मात्र ठरलेली: पाण्याची चकाकी सांभाळावी तर पक्षी काळवंडतो, पक्षी सांभाळावा तर पाणी पांढरंफटक पडतं.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. तो सगळ्या चौकटीला एकच एक्स्पोजर देतो. डोळ्याची बाहुली पाण्याकडे पाहताना आकसते आणि सावलीतल्या पक्ष्याकडे वळताना मोकळी होते, त्यामुळे माणसाला दोन्ही नीट दिसतं. ही तफावत नंतर भरून काढण्याचं साधन म्हणजे लेयर मास्क.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर कर्व्हजचा एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर चढवायचा आणि पक्षी हवा तितका उजळेपर्यंत रेषा वर ओढायची. पाणीही उजळून जळतं, जळू द्यावं. त्या लेयरला चिकटून एक पांढरा चौकोन आपोआप येतो, तो मास्क. कंट्रोल-आय दाबलं की तो काळा होतो आणि केलेला सगळा बदल झाकला जातो. मग मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त पक्ष्यावरून फिरायचं. पांढऱ्या जागी बदल दिसतो, काळ्या जागी दिसत नाही, करड्या जागी अर्धामुर्धा. आठ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा २५६ पायऱ्या असतात. ब्रश घसरून पाण्यात गेलाच, तर एक्स दाबून काळा रंग घ्यायचा आणि तेवढा भाग पुन्हा झाकायचा. मुख्य म्हणजे, खालच्या मूळ फोटोतला एकही पिक्सेल यात बदलत नाही.

संगणक येण्याच्या कितीतरी आधी लोक हेच हाताने करत होते. १८५० च्या दशकातल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला फार हळव्या असत. समुद्र नीट उमटवायला गेलं की आकाश कोरं निघे. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह वापरल्या. एक भाग झाकून दुसरा छापायचा आणि जोड क्षितिजाच्या रेषेत लपवायचा, ही त्यांची रीत. पुढे डार्करूममध्ये तारेच्या टोकाला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा एनलार्जरखाली धरून चेहरे उजळले जात. तुकडा सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर त्याची कड कागदावर उमटायची. आजच्या ब्रशची मऊ कड नेमकं हेच काम करते. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये. ज्यांना पैसे मोजायचे नाहीत त्यांच्यासाठी गिंपमध्येही मास्क आहेच.

ब्रश सगळीकडे पुरत नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला येते, तिथे धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. आषाढातलं ऊन असलं की टोप्या आणि सदरे पांढरे लख्ख, टोपीखालचे चेहरे सावलीत. शेकडो चेहऱ्यांवरून ब्रश कोण फिरवणार? इथे खुद्द फोटोचीच कृष्णधवल प्रत उलटी करून मास्कमध्ये टाकतात. गडद भाग आपोआप पांढरा होतो, म्हणून उजेड फक्त सावल्यांना मिळतो आणि सदऱ्यांना धक्का लागत नाही. हात मात्र आखडता हवा. जास्त ओढलं की चेहरे राखाडी पडतात आणि दुपारचं ऊन कुठल्या कुठे जातं.

फसलेला मास्क पाहायला लांब जायला नको. बारामतीच्या काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहावा. शुभेच्छुकांच्या केसांभोवती मूळ फोटोतल्या भिंतीची फिकट किनार राहिलेली असते. मास्क कडक ठेवला आणि केसांपाशी कडेची जागा दोन-चार पिक्सेल आत ढकलली नाही, की हे होतं.

याहून गंभीर घोटाळा रंगाचा. भिगवणला येणारा मोठा रोहित अंगाने बराचसा पांढराच असतो; गडद गुलाबी रंग पंखांवर, आणि उडताना दिसणारी पिसं काळी. गुलाबी छटा अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येते आणि पिल्लं करडी असतात. मास्क लावून सबंध थव्यावर गुलाबी रंग चढवणाऱ्याने उजेड दुरुस्त केलेला नसतो, पक्ष्यांचं वय बदललेलं असतं. पक्षी-अभ्यासकाच्या दृष्टीने तो फोटो निरुपयोगी.

उजेड बदलणं कुठवर चालतं, यावर जगातही वाद झाले. स्वीडनच्या पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या छायाचित्राला २०१३ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला, तेव्हा ते अनेक फोटो जोडून बनवल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली: ठरावीक भागांचा उजेड आणि रंग बदलला होता, जोडकाम नव्हतं. पुरस्कार कायम राहिला. हा निकाल योग्यच होता. त्या गल्लीतला उजेड कमी-जास्त झाला, माणसं तीच राहिली.

तेव्हा या हिवाळ्यात कुंभारगावला जाणाऱ्यांनी फोटो रॉमध्ये काढावेत, लेयर एकत्र न करता पीएसडी फाइल जपून ठेवावी आणि स्पर्धेला फोटो पाठवताना मूळ फाइल हाताशी असू द्यावी. मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीआधी तीच मागतात.