वीकएंड विथ पट्टकादंब!

शनिवारी पहाटे साडेचारचा अलार्म? डोकं ठिकाणावर आहे ना? ग्रुपमध्ये माझी पहिली रिअ‍ॅक्शन हीच होती. आठवडाभर डेडलाइन्सच्या मागे धावल्यावर शनिवार कसा, दहाला उठून पोहे आणि चहा असा हवा. पण बँकेतली मैत्रीण हट्टाला पेटली. ‘‘दौलताबाद, म्हैसमाळ किती वेळा करणार? या वेळी पक्षी!’’ मग काय, जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत आम्ही सहा जण, दोन गाड्या आणि सोबत तिचे शाळेतले सर. रिटायर झाल्यापासून दुर्बीण हीच त्यांची नोकरी.

बिडकीन, ढोरकीन मागे टाकत पैठण रोडने पन्नासेक किलोमीटर गेलं की जायकवाडी. आपल्यासाठी जायकवाडी म्हणजे काय, तर पावसाळ्यात पेपरात येणारा पाणीसाठ्याचा टक्का आणि नळाचं पाणी. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हे सहापैकी पाच जणांना माहीतच नव्हतं!

सोनेवाडीच्या बाजूला काठावर पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाण्यात लांबवर बेटं दिसत होती. ‘‘धरण भरलं तेव्हा गावं उठली, शेतं बुडाली. उंचवटे तेवढे वर राहिले, तीच ही बेटं,’’ सर म्हणाले. त्यांवरच्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. अलीकडे उथळ पाण्यात नुसती गर्दी. लडाख-तिबेटकडून येणारे केशरी चक्रवाक, उलथन्यासारखी चोच असलेले थापट्या, काडीसारख्या लाल पायांचे शेकाटे. आणि डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब. तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांवर यांची पिल्लं होतात आणि हिवाळ्यात हे हिमालय ओलांडून इकडे येतात. सात हजार मीटरपेक्षाही उंचावरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. तिथल्या विरळ हवेतही त्यांचं रक्त जास्त ऑक्सिजन धरतं म्हणे. मला तर जिन्याचे तीन मजले चढले तरी धाप लागते!

आता खरं सांगते. फोटो हवा म्हणून मी पुढे गेले. अंगात भडक पिवळं जॅकेट, मागे कॅमेरा घेऊन वाळूजच्या कंपनीतला मित्र. पन्नास-साठ पावलं गेलो असू आणि अख्खा थवा एकदम उठला. काय सीन होता! आम्ही टाळ्याच वाजवल्या. मागे वळून बघितलं तर सर गप्प.

‘‘त्यांना नाश्त्यावरून उठवलंस,’’ एवढंच म्हणाले. नंतर शांतपणे समजावलं. परतीच्या प्रवासासाठी पक्ष्यांना आत्ताच चरबी साठवावी लागते. प्रत्येक उड्डाणात ती जळते. दिवसात असे दहा ग्रुप आले तर ते खाणार कधी?

आणि खायची जागा तरी केवढी? मधलं पाणी खोल. पाणी ओसरतं तसा काठचा चिखल उघडा पडतो, त्यातले किडे, शिंपले, पाणवनस्पती हेच त्यांचं ताट. म्हणजे धरण काठोकाठ भरलं की आपण खूश, पण चिखलावर पोट असणाऱ्यांची जागा तेवढी कमी. त्यातच ओसरलेल्या गाळावर शेतकरी पेरतात. बांधावरून जाणारे एक काका थांबून म्हणाले, ‘‘तुम्हाला फोटू भेटतो. हरभरा आमचा जातो.’’ आमच्यापैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही. शहराला पाणी हवं, कारखान्यांना हवं. इथल्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्धची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. एका पाण्यावर किती जणांची भिस्त!

जॅकेट काढून गाडीत टाकलं आणि कुडकुडत बाभळीआड बसले. मोबाइल सायलेंट, तोंडं बंद. बऱ्याच वेळाने दोन पट्टकादंब उतरले. मग पाच. मग मोजणं सोडून दिलं. त्यांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागले. आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. सकाळभरातली तीच आमची सगळ्यात मोठी कमाई.

सोमवारी ऑफिसात फोटो दाखवला. ‘‘हे करडे ठिपके काय आहेत?’’ बॉसने विचारलं. म्हटलं, ‘‘पाहुणे. जेवतायत, म्हणून लांबून काढलाय.’’

जाणार असाल तर...
सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सूर्योदयापूर्वी पोहोचा.
कपडे : खाकी, मातकट, हिरवे. पिवळं जॅकेट घरीच!
सोबत : दुर्बीण, पाणी, टोपी आणि एखादा जाणकार.
नको : म्युझिक, ड्रोन, प्लॅस्टिक, उभ्या पिकातून चालणं आणि ‘अजून थोडं जवळ जाऊ या’.