कंट्रोल-झेड नसलेली गाडी

एफ-फाइव्ह दाबलं की काय होतं? ऑफिसात दिवसाचे नऊ तास काढणारा कुणीही झोपेतसुद्धा सांगेल, पान रिफ्रेश होतं. बॅकस्पेस? चुकलेलं अक्षर पुसलं जातं. झेड? कंट्रोलसोबत दाबा, केलेलं काम जादूसारखं पूर्वपदावर. पण याच की-बोर्डवर रात्री साडेदहानंतर मी एक वेगळीच भाषा बोलतो. तिथे एफ-फाइव्ह म्हणजे गाडीचा सगळा हिशेब, बॅकस्पेस म्हणजे इमर्जन्सी ब्रेक आणि झेड म्हणजे ‘मी जागा आहे बरं का!’

मंडळी, ही भाषा आहे ट्रेन सिम्युलेटरची. गोळ्या नाहीत, राक्षस नाहीत, शर्यत नाही. एक इंजिन, मागे डबे, समोर रूळ आणि हातात वेळापत्रक. ‘यात काय मजा?’ असं विचारणारे भरपूर भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख. आणि ज्यांनी गेम डाउनलोड केला, पहिल्याच स्टेशनात गाडी हलेना म्हणून वैतागून बंद केला, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

बटणं तीच, अर्थ नवे

या छंदाचा पाया २००१ साली घातला गेला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला. तो बनवला होता कुजू या ब्रिटिश कंपनीने. त्याचा दुसरा भाग कधी बाजारात आलाच नाही. पण हौशी मंडळी हार मानणारी नव्हती. त्यांनी ओपन रेल्स नावाचा फुकट आणि मुक्त सिम्युलेटर उभा केला, त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. जुन्या गेमचे मार्ग आणि इंजिनं त्यात चालतात आणि महत्त्वाचं म्हणजे जुनी बटणंही चालतात. आपल्याकडच्या उत्साही लोकांनी भारतीय इंजिनं आणि डबेही त्यासाठी बनवलेत.

फंडा सोपा आहे. डी दाबलं की पॉवर वाढते, ए दाबलं की कमी होते. डब्ल्यू आणि एस ठरवतात गाडी पुढे जाणार की मागे. नव्वद टक्के नवखे इथेच अडकतात, डी बडवत बसतात आणि डब्ल्यू दाबायचं विसरतात. मग ‘गेम बिघडलाय’ म्हणून बोंब! ब्रेकची जोडी एल अक्षराच्या शेजारी आहे. सेमीकोलन ब्रेक सोडतो, त्याच्या बाजूचं अवतरणचिन्ह ब्रेक लावतं. चौकटी कंस फक्त इंजिनाच्या ब्रेकसाठी. स्पेसबार म्हणजे भोंगा, एच म्हणजे हेडलाइट, व्ही म्हणजे वायपर. ऑफिसात प्रिंट काढणारं पी इथे पँटोग्राफ वर चढवतं. घसरत्या रुळांवर वाळू टाकायची असेल तर एक्स. आणि सिग्नल लाल असेल, तर टॅब दाबून कंट्रोलरकडे पुढे जायची परवानगी मागायची. मिळेलच असं नाही. बॉसकडे रजा मागण्यासारखंच!

आता झेडकडे या. ऑफिसात हे बटण चूक मागे घेतं. ओपन रेल्समध्ये ते चालक जागा असल्याची खात्री देतं. ज्या इंजिनात ही यंत्रणा आहे, तिथे काही वेळ काहीच हालचाल केली नाही की इशारा वाजतो. झेड दाबून उत्तर दिलं नाही, तर यंत्रणा स्वतःच ब्रेक लावते. हे काही गेमवाल्याच्या डोक्यातलं खूळ नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं, हात सुटला की ब्रेक लागतात. म्हणून त्याला ‘डेड मॅन्स हँडल’ म्हणतात. आपण पेंगत, मोबाइल बघत जातो, तेव्हा पुढच्या केबिनमध्ये एका माणसाला जागं असल्याचा पुरावा सतत द्यावा लागतो.

साठ म्हणजे नक्की किती?

बटणं पाठ झाली की खरी गंमत सुरू होते ती मापांची. मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये सहा मार्ग होते. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल, ऑस्ट्रियातला इन्सब्रुक ते सेंट अँटन, अमेरिकेतले दोन आणि जपानमधले दोन. इंग्लंड आणि अमेरिकेत मैल, ऑस्ट्रिया आणि जपानमध्ये किलोमीटर.

ओपन रेल्सच्या ऑप्शन्समध्ये एकके निवडायची सोय आहे. मेट्रिक, इम्पीरियल यूएस, इम्पीरियल यूके वगैरे. यूएस आणि यूके वेगळे कशाला? कारण अमेरिकेचा टन ९०७ किलोचा आणि ब्रिटनचा जुना टन १०१६ किलोचा. गॅलनचंही तेच, तिकडे ३.७८५ लिटर, इकडे ४.५४६. नाव एक, माल वेगळा.

आपण भारतीय, सवयीने मेट्रिक निवडतो. आणि इथेच गडबड होते. सेटलच्या मार्गावर रुळांशेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं ६०. केबिनमधला काटाही मैलातच बोलतो. पण एफ-फाइव्हने उघडलेली आकड्यांची पट्टी किलोमीटरमध्ये! पाटी ६० म्हणते आणि पट्टीवर ९७ दिसतात. गाडी नियमात आहे, पण पाहणाऱ्याचा जीव खाली-वर. उलट, पट्टीवर ६० ठेवून चालवलं तर तुम्ही जेमतेम ३७ मैलांनी रांगताय आणि वेळापत्रकाचा बोऱ्या. म्हणून माझा सल्ला, ज्या देशाचा मार्ग, त्या देशाची मापं. पाटी, काटा आणि पट्टी तिघांचं एकमत असलं की डोकं गाडी चालवायला मोकळं राहतं.

ब्रेकच्या दाबाचं एकक वेगळं निवडता येतं. अमेरिकेत पीएसआय, युरोपात बार, आपल्याकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. आपल्या गाड्यांच्या ब्रेकपाइपमध्ये ५ किलो दाब असतो. तोच ४.९ बार, तोच ७१ पीएसआय. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचं माप मात्र पाऱ्याच्या इंचात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, पाइपमधला दाब पूर्ण असतो तेव्हा ब्रेक सुटलेले असतात आणि दाब उतरला की ब्रेक लागतात. उलटं वाटतं ना? पण म्हणूनच पाइप तुटला तर गाडी बेलगाम सुटत नाही, थांबते. डब्यातली साखळी ओढल्यावर हेच होतं. पाइपमधली हवा बाहेर पडते, दाब पडतो, ब्रेक लागतात.

चढाचंही तसंच. इंग्रजी पद्धत ‘इतक्यात एक’. सेटलच्या मार्गावरचा प्रसिद्ध चढ १०० मध्ये १, म्हणजे १०० मीटर गेल्यावर १ मीटर वर. आपला कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट ३७ मध्ये १. ऑस्ट्रियात हाच आकडा हजारात मोजतील आणि २७ म्हणतील, अमेरिकन टक्क्यांत बोलेल, २.७. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं का लागतात, हे या एका आकड्यात कळतं.

आणि क्रिकेटवेड्यांसाठी खास. ब्रिटिश रेल्वे अजूनही बऱ्याच ठिकाणी अंतर मैल आणि चेनमध्ये लिहिते. एक चेन म्हणजे २२ यार्ड. ओळखीचा वाटतो का आकडा? बरोबर, आपलं क्रिकेटचं पिच! ८० पिच एकापुढे एक मांडली की झाला एक मैल.

आकडा एकटा असतो तेव्हा

‘गेममध्ये ठीक आहे, खऱ्या आयुष्यात एककाने काय फरक पडतो?’ विचारा १९८३ सालच्या एअर कॅनडाच्या त्या विमानाला. नवं कोरं बोइंग ७६७, देश नुकता मेट्रिककडे वळलेला. इंधनाचा हिशेब करताना लिटरमागे ०.८ किलो धरायचे, त्याऐवजी धरले गेले १.७७, जो पौंडांचा आकडा होता. हवं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवलं, सगळे वाचले. आपल्या ऑफिसातही लाख आणि मिलियन, तीन एप्रिल आणि चार मार्च यांच्या कुस्त्या रोज चालतातच की!

रुळांवरचा किस्सा मात्र सुखान्त नाही. १२ मे २०१५, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. वळणावर मर्यादा होती ५०, गाडी शिरली १०६ ने. आपल्या कानाला १०६ हा एखाद्या एक्स्प्रेसचा रोजचा वेग वाटतो. पण हे मैल आहेत. म्हणजे ताशी १७० किलोमीटर, ८० ची मर्यादा असलेल्या वळणावर. चालकाने इमर्जन्सी ब्रेक लावला, पण गाडी रुळांवरून उतरेपर्यंत वेग १०६ वरून १०२ वर आला होता, बस्स. आठ जण गेले. तपासात निघालेलं कारण एककाचं नव्हतं. रेडिओवर दुसऱ्या एका गाडीबद्दलचं बोलणं चालू होतं, त्यात चालकाचं लक्ष गेलं असावं आणि आपण मार्गावर नेमके कुठे आहोत हे भान सुटलं. पण १०६ ते १०२ हा हिशेब वाचल्यापासून बॅकस्पेसवर माझा भाबडा विश्वास राहिला नाही.

एकोणीस पिच

आमच्या टीममध्ये एक जण आहे. हुशार, कामात तरबेज, आणि रोज सकाळी पादचारी पूल टाळून थेट रुळांवरून येणारा. चार मिनिटं वाचतात म्हणे. ‘मोटरमन बघतो रे, लावतो ब्रेक!’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. समजावून आम्ही दमलो होतो. शेवटी एका शुक्रवारी लंच टाइममध्ये लॅपटॉप उघडला आणि त्याला चालकाच्या जागी बसवलं. गाडी ताशी १०० किलोमीटरवर आणून दिली आणि म्हटलं, ‘आता समोर माणूस दिसलाय. थांबव.’

त्याने बॅकस्पेस दाबलं. गाडी धावतच होती. तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला. आम्ही शेजारी उभे राहून सेकंद मोजत होतो. त्याचा डबा गार झाला.

हिशेब कागदावरही करता येतो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग १ मीटरने कमी होतो असं धरलं, तर थांबायला २८ सेकंद आणि ३८६ मीटर लागतात. बारा डब्यांच्या लोकलच्या लांबीपेक्षा जास्त. एकोणीस पिच. मोटरमनला माणूस पहिल्या पिचवर दिसला, तर तो काय करणार? भोंगा वाजवणार. त्याच्या हातात तेवढंच उरतं.

त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. सोमवारी दहा मिनिटं उशिरा आला. पुलावर गर्दी होती म्हणाला. कुणी काही विचारलं नाही.

सुरुवात करताय? मग हे करा

पहिल्या दिवशी फक्त सात बटणं शिका : डब्ल्यू, डी, ए, सेमीकोलन, अवतरणचिन्ह, स्पेसबार आणि एफ-फाइव्ह. बाकीची आपोआप येतात. अडलात तर एफ-वन आहेच.

पुढचा सिग्नल आणि वेगमर्यादा एफ-फोरवर दिसते. एफ-टेनवर पुढची स्टेशनं. या दोन खिडक्या उघड्या ठेवा.

मैलाचे किलोमीटर झटपट करायचे तर आकड्यात त्याचाच अर्धा आणि एक दशांश मिळवा. ६० + ३० + ६ = ९६. खरं उत्तर ९६.६, म्हणजे काम फत्ते.

स्टेशन दिसल्यावर ब्रेक लावू नका. स्टेशन दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. थोडा ब्रेक लवकर, पूर्ण ब्रेक कधीच नाही, हे जमलं की समजा तुम्ही मोटरमन झालात.

आणि हो, सकाळी ऑफिसात पोचल्यावर एक्सेलमध्ये भोंगा वाजवायला स्पेसबार दाबू नका. सेल रिकामा होतो!