जुन्या इमारती आणि स्प्रिंकलरची सक्ती

हवाई बेटांवरील होनोलुलू शहरात मार्को पोलो नावाची ३६ मजल्यांची एक निवासी इमारत आहे. ती १९७१ साली बांधली गेली. उंच इमारतींत स्प्रिंकलर बसवलेच पाहिजेत असा दंडक त्या शहराने त्यानंतर थोड्याच वर्षांनी घातला, आणि तो केवळ नव्या बांधकामास लागू असल्यामुळे, आधी उभ्या राहिलेल्या शेकडो इमारतींप्रमाणे हीही त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १४ जुलै २०१७ रोजी, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधील ७२ जणांचा बळी घेणाऱ्या अग्निकांडास बरोबर एक महिना होत असताना, मार्को पोलोच्या २६व्या मजल्यावर एका घराने पेट घेतला, आग शेजारच्या व वरच्या घरांत पसरली आणि त्याच दिवशी तीन माणसे दगावली. त्या घरात स्प्रिंकलर असते तर आग तेथल्या तेथे अडली असती, असे अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

या यंत्राविषयी एक गैरसमज फार दृढ आहे, तो असा की फोडणीचा धूर झाला तरी सगळ्या घरांत पाण्याचा वर्षाव सुरू होईल आणि गाद्यागिरद्यांसह संसार भिजून जाईल. वस्तुतः धुराशी त्याचे काही देणेघेणे नाही. छताजवळील तोटीच्या मुखाशी द्रवाने भरलेली काचेची एक चिमुकली कुपी असते. उष्णतेने तो द्रव प्रसरण पावला म्हणजे कुपी फुटते आणि तेवढीच तोटी मोकळी होते, बाकीच्या बंदच राहतात. सर्वत्र आढळणारी लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि स्वयंपाकघरात कितीही धांदल उडाली तरी छताशी एवढी उष्णता सहसा साठत नाही. तोटीतून पडणारे पाणी बंबाच्या नळातून सुटणाऱ्या पाण्याच्या मानाने थोडके असते. परंतु बंब रस्त्यातील गर्दीतून वाट काढीत असतो तेव्हा ते आगीवर पडू लागलेले असते, आणि उंच इमारतीत जीव वाचतो तो या पहिल्या काही मिनिटांच्या हिशेबावर.

युक्ती नवी नाही. अमेरिकेतील हेन्री पार्मली या पियानोच्या कारखानदाराने १८७४ साली आपल्या कारखान्यासाठी असे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे विमा कंपन्यांच्या आग्रहाने कापडगिरण्यांत त्याचा प्रसार झाला. माल आणि यंत्रे यांना जे संरक्षण लाभले, ते निजलेल्या माणसांच्या बिऱ्हाडांपर्यंत पोहोचण्यास मात्र पुष्कळच काळ जावा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वेल्सने २०१६ पासून प्रत्येक नव्या घरास स्प्रिंकलर सक्तीचे केले. इंग्लंडमध्ये ३० मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींना असलेली सक्ती ग्रेनफेलनंतर, २०२० मध्ये, ११ मीटरपर्यंत खाली आली.

प्रश्न उरतो तो जुन्या इमारतींचा, आणि तेथेच गाडे अडते. नांदत्या घराचे छत पोखरून नळ्या नेणे, पाण्याच्या टाक्या व पंप वाढविणे, हे काम खर्चाचे. निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या वृद्ध मालकाने तो बोजा कोठून पेलावा, ही होनोलुलूतील रहिवाशांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. म्हणून त्या शहराने २०१८ साली मधला मार्ग काढला: दहा मजल्यांवरील जुन्या इमारतींनी स्प्रिंकलर बसवावेत, नाही तर अग्निसुरक्षेच्या परीक्षेत उतरून दाखवावे. ही तडजोड मला अपुरी वाटते. खर्चासाठी हप्ते बांधून द्यावेत, करात सूट द्यावी, मुदतही सढळ हाताने द्यावी; पण केवळ बांधकामाची तारीख जुनी म्हणून तेथे राहणाऱ्यांना कमी संरक्षण मिळावे, यात न्याय नाही.

महाराष्ट्रात तर बसविलेली यंत्रणा जिवंत ठेवण्याचीच पंचाईत आहे. रंगारी तोटीवर रंगाचा हात फिरवून जातो, कोणी ती शोभेच्या छताआड दडवितो, गळती लागली म्हणून झडप बंद होते ती पुन्हा उघडलीच जात नाही. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ही यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो, आणि परवानाधारक अभिकरणाकडून तसा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, घेण्यास फर्मावितो. आपल्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत वाचकांनी सचिवांकडे हा दाखला मागावा, आणि तो मिळाल्यावर पंपाच्या खोलीत जाऊन झडप उघडी आहे की नाही, हेही पाहून यावे.