ट्रेलर घेण्याआधी गाडीचं दार उघडा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तंबूतले काही उन्हाळे झाले की ट्रेलरचा विषय निघतोच. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि जमिनीवर झोपलं की सकाळी त्यांना उठवत नाही. मुलांना रात्री टॉर्च घेऊन बाथरूम शोधत जायचं नसतं. मग "छोटासा ट्रेलर घेऊन टाकू" असं ठरतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातले बरेच सल्ले ऐकीव असतात. काही नुसते खर्चात पाडतात, काही मात्र हायवेवर जिवावर बेततात.

सगळ्यात पक्का बसलेला हिशोब असा: "मिनिव्हॅन 3,500 पाउंड ओढते, ट्रेलर 2,900 पाउंडांचा आहे, म्हणजे काळजी नाही." होंडा ओडिसी किंवा नव्या टोयोटा सिएनाची ओढण्याची कमाल क्षमता खरंच 3,500 पाउंड, म्हणजे साधारण 1,590 किलो आहे. पण माहितीपत्रकातले 2,900 हे रिकाम्या ट्रेलरचं वजन. टाकीत 30 गॅलन पाणी भरलं की 250 पाउंड वाढले. गॅसचा भरलेला छोटा सिलिंडर सुमारे 37 पाउंडांचा. त्यावर बॅटरी, गाद्या, खुर्च्या, कूलर, कुकर, तांदळाची पिशवी. विक्रेत्याने बसवून दिलेला मंडप आणि एसीही त्या 2,900 मध्ये धरलेला असतोच असं नाही. निघेपर्यंत ट्रेलर 3,500 ला टेकतो. म्हणून बघायचा तो आकडा ट्रेलरच्या कमाल भारित वजनाचा. तो ट्रेलरच्याच बाहेरच्या पट्टीवर छापलेला असतो.

एवढं जमलं तरी खरी अडचण दुसरीकडेच असते. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारं एक स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर, म्हणजे तुमच्या गाडीवरच पडतो आणि तो याच मर्यादेत मोजायचा असतो. समजा मर्यादा 1,200 पाउंड आहे. चार मोठी माणसं आणि दोन मुलं यांचे 760, डिकीतल्या सामानाचे 150, आणि 3,400 पाउंडांच्या ट्रेलरचा हिचवरचा भार निदान 340. बेरीज 1,250. इंजिन कितीही दणकट असलं तरी गाडी मर्यादेबाहेर गेली. इंजिन गाडी पुढे नेतं, पण भार पेलायचा असतो स्प्रिंगांनी, टायरांनी आणि ब्रेकनी. ज्या घरात आजी-आजोबांसाठी ट्रेलर घेतला जातो, तिथे नेमकी त्यांच्याच वजनाची जागा हिशोबात उरत नाही. अशा वेळी घडीचा हलका ट्रेलर घ्यावा किंवा दुसरी गाडी सोबत न्यावी. तिसरा चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.

यावर काही जण एक युक्ती सांगतात: जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवा, हिचवरचा भार हलका होतो. भार हलका होतो हे खरं, पण ही युक्ती धोक्याची आहे. पुढे वजन कमी पडलं की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि झोके वाढत जाऊन गाडीलाही फिरवतो. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावावेत. त्यासाठी ब्रेक कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी हवा. "इतक्या छोट्या ट्रेलरला वेगळे ब्रेक कशाला?" असं विचारणाऱ्यांनी कायदाही पाहावा. बऱ्याच राज्यांत 3,000 पाउंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात कॅम्पिंगच्या ट्रेलरला 1,500 पासूनच. तिथे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वेगमर्यादाही ताशी 55 मैलांची आहे, बाकीची रहदारी 70 ने जात असली तरी.

"टायरच्या नक्षीला हातही लागलेला नाही, टायर नवेच आहेत." जुना ट्रेलर विकणारा हे हमखास म्हणतो. ट्रेलर वर्षातले बहुतेक महिने उभाच असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि वयाने जातात. टायरच्या कडेवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नव्या टायरांचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करा. त्याच फेरीत कोपऱ्यांवर आणि खिडक्यांखाली हात दाबून बघा. भिंत मऊ लागली तर आत पाणी मुरलंय आणि लाकडी सांगाडा कुजतोय. या बाबतीत फायबरग्लासचे अंडाकृती ट्रेलर उजवे ठरतात. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये निघालेला बोलर आणि त्याच घाटाचा मिनेसोटातला स्कॅम्प यांचं कवच मुळात दोन भागांचं असतं. सांधेच कमी, त्यामुळे गळतीही कमी.

विजेबद्दलचे गैरसमज जरा गमतीचे आहेत. बॅटरीवर रात्रभर एसी चालेल असं पुष्कळांना वाटतं. छपरावरच्या एसीला साधारण 1,500 वॉट लागतात. 100 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून सुरक्षितपणे 600 वॉट-तास काढता येतात. म्हणजे अर्धा तासही नाही. लिथियम बॅटरी दुप्पट देईल, तरी तासाभराच्या आत संपेल. कॅम्पग्राउंडवर 30 अँपिअरचं कनेक्शन मिळालं तर 3,600 वॉट हाताशी येतात, पण एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह लावला की खटका पडतो. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये तर ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणीच नाही आणि जनरेटरही ठरावीक तासांतच लावता येतो. दिवे, पंखा, फोन आणि बारा व्होल्टचा फ्रिज एवढ्यापुरती बॅटरी आणि सोलर पॅनल घ्यावं. भारतातून आणलेला मिक्सर 230 व्होल्टचा, तो घरीच बरा. चटण्या वाटून न्याव्यात.

"सहा जण झोपू शकतात" या छापील वाक्यातले सहा जण पावसात आत बसून जेवू शकत नाहीत. त्यातले दोन जण जेवणाच्या टेबलावर झोपतात, म्हणजे रोज रात्री टेबल मोडून पलंग करायचा आणि सकाळी पलंग मोडून टेबल. आजोबांना नऊला झोप येत असेल तर पत्त्यांचा डावही नऊलाच आवरायचा. कायम मांडलेला एक खालचा पलंग आणि त्याच्याजवळ टॉयलेट एवढं मिळालं तर बाकीच्या सजावटीकडे बघू नये.

स्वयंपाक शक्यतो बाहेरच करावा. फोडणीचा वास गाद्यांत मुरतो आणि धुराचा अलार्म पहिल्या मोहरीलाच ओरडतो, हे झालंच. खरं कारण असं की बंद जागेत गॅसची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. वैतागून अलार्म काढून ठेवू नका. जमिनीलगतचं गॅस-सूचक यंत्रही सामानाने झाकू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने आधी खालीच साठतो.

प्रवासात मुलं मागे ट्रेलरमध्ये झोपतील हा विचार तर मनातही आणू नये. आत सीटबेल्ट नसतात आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत ते बेकायदा आहे.

छोटा ट्रेलर कुठेही जातो, हेही खरं नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात 21 फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे आणि ती लांबी गाडी आणि ट्रेलर मिळून मोजतात. योसेमिटीच्या अपर पाइन्समध्ये ट्रेलर कमाल 24 फुटांचा चालतो. मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, त्यात पुढचा दांडा बहुधा धरलेला नसतो. अस्वलांच्या मुलखात आणखी एक फरक पडतो. कडक भिंतींच्या ट्रेलरमध्ये खिडक्या लावून, नजरेआड अन्न ठेवायला योसेमिटीत परवानगी आहे. कापडी भिंतींच्या ट्रेलरवाल्यांना मात्र लाडवांचा डबासुद्धा लोखंडी पेटीत ठेवावा लागतो.

विक्रेत्याकडे जाण्याआधी दारावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि तुमच्या मनातलं मॉडेल दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या. सगळ्यांना नेता आलं तर उत्तम. निघताना वाटेतल्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी आणि ट्रेलर भरलेल्या अवस्थेत तोलून घ्या. थोडक्या डॉलरांचं काम आहे, आणि तिथे मिळणाऱ्या पावतीवरचे आकडे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा भरवशाचे असतात.